फ्लायबॅकमधली फट

काही जण म्हणतात की फ्लायबॅकचा (अ‍ॅडॉप्टरमध्ये असतं त्या स्विचिंग सर्किटचा) ट्रान्सफॉर्मर प्रायमरीकडून (वीज घेणाऱ्या वाइंडिंगकडून, म्हणजे तारेच्या गुंडाळीकडून) ऊर्जा घेतो आणि त्याच क्षणी सेकंडरीला (वीज देणाऱ्या वाइंडिंगला) देतो. भाऊ, हे पटलं नाही. मॉस्फेट (प्रायमरीचा करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) चालू असताना सेकंडरीच्या डायोडवर उलटा व्होल्टेज असतो, तो करंट अडवतो, तिकडे काहीच जात नाही. प्रायमरीत करंट चढत जातो आणि ऊर्जा साठते, तीही मुख्यतः फेराइटमध्ये (कोर ज्याचा बनतो त्या चुंबकीय पदार्थात) नाही, तर कोरच्या, म्हणजे वाइंडिंगच्या आतल्या गाभ्याच्या, मधल्या पायातल्या बारीक फटीत. मॉस्फेट बंद झाला की ती पलीकडे सुटते.

भुसावळला मेच्या उन्हात 12 व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर उघडला होता. कोर तुटलेला. भंगारातला त्याच मापाचा बसवला, पण त्याला फटच नव्हती. वाइंडिंग मीटरवर ठणठणीत. करंट आवरायला सिरीज बल्ब लावायचा कंटाळा केला अन् थेट बोर्डात खुपसला. फट्ट! कोर सॅच्युरेट (चुंबकत्वाने पार भरला, करंट आवरेना), मॉस्फेटचं टोपण उडालेलं, फ्यूजची काच काळीकुट्ट.