कोका-कोला आणि लाल सांता
‘सांताला लाल रंग कोका-कोलाने दिला’ हा नेहमी ऐकू येणारा दावा तारखांत बसत नाही. कोकसाठी चित्रकार हॅडन संडब्लॉमने सांता रंगवायला घेतला १९३१मध्ये. अमेरिकी व्यंगचित्रकार थॉमस नास्टच्या चित्रांच्या १८६९च्या रंगीत पुस्तकात तो लाल कपड्यांतच आहे. व्हाइट रॉक कंपनीनेही १९१५मध्ये आपलं पाणी विकायला त्याला जाहिरातीत आणलं होतं. कोकने फार तर हे रूप जगभर पक्कं केलं.

खरा बदल त्याआधीचा. २३ डिसेंबर १८२३ला ‘ट्रॉय सेंटिनेल’ या अमेरिकी वृत्तपत्रात एक निनावी कविता आली. नेदरलँड्समध्ये सांताचं मूळ असलेला संत निकोलस ५ डिसेंबरच्या संध्याकाळी भेटी देतो, तेही बिशपच्या झग्यात आणि घोड्यावरून. कवितेने त्याला नाताळच्या आदल्या रात्री आणलं आणि त्याच्या घसरगाडीला आठ रेनडिअर जोडले. पण कवितेतला हा सांता बुटका यक्ष आहे, गाडी आणि हरणंही चिमुकली, म्हणून तर तो धुराड्यातून सहज उतरतो! पुढे चित्रकारांनी त्याला पुरुषभर उंच, ढेरपोट्या केला, धुराडं मात्र तेच ठेवलं. उत्तर ध्रुवाचा पत्ताही नास्टनेच १८६६च्या चित्रात दिला.