स्वतः पियानो वाजवत गाणाऱ्या कलाकाराचा जॅझ अल्बम सुचवा

नमस्कार मंडळी. माझा कान घडलाय तो ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकून. हल्ली जॅझची ओढ लागली आहे, पण नुसत्या वाद्यांचे लांबलचक सोलो सुरू झाले की धागा हातून सुटतो. शब्द असले की तग धरता येतो. म्हणून स्टँडर्ड्सचा, म्हणजे जॅझवाले पुन्हापुन्हा गातात-वाजवतात त्या जुन्या गाण्यांचा, एखादा अल्बम हवाय, ज्यात गाणारी आणि पियानो वाजवणारी व्यक्ती एकच असेल. स्टुडिओतलं ध्वनिमुद्रण हवं, व्हायोलिनांचा ताफा नको. एकच घ्यायचा तर कुठला?

प्रतिसाद १

डायना क्रॉलचा 'ऑल फॉर यू' (1996), डोळे झाकून. नॅट किंग कोलच्या त्रिकुटाला वाहिलेला अल्बम आहे. पियानो, रसेल मलोनची गिटार आणि पॉल केलरचा बास (खर्जाचं तंतुवाद्य). ड्रम्स जवळजवळ नाहीतच. ताल गिटारच सांभाळते. शब्द स्वच्छ ऐकू येतात, त्यामुळे नवीन माणसाला सोपा जातो. 'टर्न अप द क्वाएट' (2017) पण छान आहे, मात्र तो नंतर.

प्रतिसाद २

क्रॉल चांगलीच, पण मग मुळाकडेच का जाऊ नये? नॅट किंग कोल, 'आफ्टर मिडनाइट'. 1956 साली ध्वनिमुद्रित, 1957 साली प्रकाशित. तोवर तो लोकप्रिय गायक म्हणून इतका मोठा झाला होता की त्याची पियानोवादक ही ओळख मागे पडली होती. इथे तो पुन्हा पियानोवर बसतो आणि पाहुणे येऊन जातात: हॅरी एडिसनचा ट्रम्पेट, स्टफ स्मिथचं व्हायोलिन (एकच, ताफा नाही!). 'कॅरव्हॅन'मध्ये ट्रॉम्बोन वाजवतोय हुआन टिझोल, म्हणजे त्या चालीचा एक कर्ताच.

प्रतिसाद ३

वरच्या दोन्हींना +१. पण ख्याल ऐकणाऱ्या कानाला मी शर्ली हॉर्नच देईन. 'यू वोन्ट फर्गेट मी', 1991.

कारण लय. इतकं विलंबित गाणारं जॅझमध्ये क्वचितच कुणी सापडेल. शब्द टाकते, थांबते, आणि त्या मोकळ्या जागेत तिचाच हात एखादा कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) ठेवतो. साथीदार दुसरा असता तर त्याने ती जागा भरून टाकली असती. इथे पुढचा शब्द कधी येणार हे हाताला आधीच ठाऊक असतं. चार्ल्स एबल्स (बास) आणि स्टीव्ह विल्यम्स (ड्रम्स) वर्षानुवर्षं तिच्याबरोबर होते, म्हणून एवढ्या संथ लयीतही ठेका ढळत नाही. शीर्षकगीतात माइल्स डेव्हिस ट्रम्पेट वाजवतो. 1960 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमध्ये तिला पुढे आणणारा तोच.

दोन सावधगिऱ्या. 'हिअर्स टू लाइफ' (1992) अप्रतिम आहे, पण त्यात जॉनी मँडेलची तंतुवाद्यं आहेत, तुम्ही नको म्हणालात ती. आणि 2003 च्या 'मे द म्युझिक नेव्हर एंड'मध्ये पियानो तिचा नाही. मधुमेहाने तिचा पाय गेला होता आणि पेडल वापरता येत नव्हतं. गाणं मात्र तेव्हाही तिचंच.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. हॉर्नपासून सुरुवात करते. पण मधला पियानोचा सोलो आला की काय ऐकायचं?

प्रतिसाद ३

मूळ चाल मनात गुणगुणत राहा. यातली बरीच गाणी ब्रॉडवेच्या नाटकांतली, आपल्या नाट्यपदांसारखीच नाटकाबाहेर जगलेली. बहुतेकांचा साचा 32 मात्राखंडांचा (खंड म्हणजे 'बार', बहुधा चार मात्रांचा) असतो: पहिली ओळ दोनदा, मग मधला वेगळा तुकडा, पुन्हा पहिली ओळ. सोलोत चाल बदलते, पण खालचे कॉर्ड त्याच क्रमाने फिरत राहतात. मधला तुकडा ओळखता आला की आपण कुठे आहोत ते कळतं; आवर्तन धरून ठेवायची तुम्हाला सवय आहेच. आणि कृपया मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यात बास गायब होतो, आणि क्रम दाखवणारा तोच असतो.