मदत हवी आहे: पुण्यातल्या वेताळ टेकडीवरून संध्याकाळच्या सिंहगडाचा फोटो

ऑक्टोबर अखेरीस सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. टेकडीवरून सिंहगड दक्षिणेला, जरासा पश्चिमेकडे, त्यामुळे मावळता सूर्य उजवीकडे राहतो आणि कड्यांच्या घड्या तिरप्या उन्हात सुंदर उठून दिसतात. तो उजेड जेमतेम दहा मिनिटांचा, म्हणून पद्धत आधीच ठरवायची आहे.

सेटिंग: २०० मिमी, एफ/८, आयएसओ १००, ट्रायपॉड, स्टॅबिलायझर बंद, दोन सेकंदांचा टायमर, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल).

अडचण आकाशाची. डोंगराला एक्सपोजर दिलं की आकाश पांढरं पडतं. तीन स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) हार्ड ग्रॅज्युएटेड फिल्टर, म्हणजे वरचा भाग गडद आणि मधली सीमा ठळक असलेली काच, लावला तर टीव्हीचा मनोरा आणि गडमाथा काळवंडतो, कारण क्षितिजरेषा सरळ नाही. दोन-दोन स्टॉपच्या फरकाने तीन फोटो जोडले, तर पुढचं वाळलेलं गवत वाऱ्याने हलून दुहेरी उमटतं. एकेका पात्याला दोन-दोन टोकं दिसतात.

धुरकटपणासाठी एडिटिंगमधलं डीहेझ (धुरकटपणा कमी करणारा स्लायडर) २५ च्या पुढे नेलं की आकाशात पट्टे येतात. पोलरायझरचा (चकाकी आणि धुरकटपणा कमी करणाऱ्या फिल्टरचा) उपयोग थोडाच; तो सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक चालतो, गड सूर्यापासून त्याहून बऱ्याच कमी कोनावर आहे.

सॉफ्ट (हळूहळू फिका होत जाणारा) फिल्टर घ्यावा, की गवत एकाच फोटोतलं ठेवून मास्क करावं (बाकी फोटोंतला तो भाग झाकावा)? मास्कची कडा गडमाथ्यावर दिसू नये म्हणून फेदर (कडेचा मऊपणा) किती ठेवता?