मदत हवी आहे: अ‍ॅव्होकॅडो दगडासारखा, आणि शनिवारी टोस्ट करायचाय

निवृत्तीनंतर:

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी निवृत्त झालो तेव्हा घरात तह झाला की सकाळचा नाश्ता माझ्याकडे. पोहे, उपमा, थालीपीठ (गोल होत नाही, पण चव आहे) इथवर गाडी आलीय. आता शनिवारी मुलगी बंगळुरूहून येतेय आणि तिने फोनवरच फर्मान सोडलं, "बाबा, पोहे नकोत. अ‍ॅव्होकॅडो टोस्ट."

रविवारी इथे ठाण्यात स्टेशनजवळच्या फळवाल्याकडून तीन नग आणले. चारशे रुपये झाले. सौ.ना दोनशे सांगितलेत. महागाची वस्तू म्हणून आल्या आल्या फ्रिजमध्ये ठेवली. आज बुधवार, म्हटलं एकावर सराव करू. सुरी आत जाईना. कसेबसे दोन भाग केले तर गर कच्च्या पपईसारखा टणक, काट्याने कुस्करेना. मग एक मिनिट मायक्रोवेव्हमध्ये फिरवला. मऊ झाला खरा, पण चव कडवट आणि वास विचित्र. तरी चिकाटीने ब्रेडला फासला. ब्रेड बटर लावून तव्यावर छान भाजला होता, पण ताटलीत ठेवल्यावर पाच मिनिटांत खालून ओला. सौ.नी एक घास घेतला आणि काही न बोलता कालची पोळी गरम करायला घेतली.

तर उरलेले दोन शनिवारपर्यंत पिकतील का? पिकलाय हे ओळखायचं कसं? फळवाला म्हणाला काळा पडला की खा. पण दोघांतला एक लहान, खडबडीत सालीचा आहे आणि दुसरा चांगला मोठा, गुळगुळीत, हिरवागार. आणि टोस्ट कडक कसा ठेवायचा? मुलीची गाडी लेट झाली तर गर आधी करून ठेवता येतो का?

मेतकूट:

काका, तुम्ही हापूसची पेटी आणल्या दिवशी फ्रिजमध्ये टाकता का? नाही ना? तसंच आहे हे. अ‍ॅव्होकॅडो झाडावर पिकत नाही, उतरवल्यावर पिकतो. थंडीत त्याचं पिकणं थांबतं. तीन दिवसच झालेत, फार बिघडलं नसेल. आत्ता उठा, दोन्ही बाहेर काढा, पुसून कोरडे करा आणि पिकलेल्या केळ्याबरोबर कागदी पिशवीत बांधून ठेवा. केळ्यातून इथिलीन वायू सुटतो, त्याने लवकर पिकतात. नाहीतर सरळ तांदळाच्या डब्यात पुरा. आमच्याकडे चिकू तसेच पिकवतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत मात्र नको, घाम सुटून बुरशी येते. रोज एकदा बघायचं. अढीतला आंबा बघतो तसंच, दाबून दाबून जीव काढायचा नाही.

आणि मायक्रोवेव्हमध्ये फळ पिकत नसतं हो, नुसतं शिजतं. कडू लागणारच.

कुर्गरिटर्न:

कोडगूत आठ वर्षं काढली, म्हणून लिहितो. तुमच्याकडे बहुतेक दोन वेगळ्या जाती आहेत. मोठा गुळगुळीत तो आपल्याकडचा असावा, ज्याला तिकडे सगळे 'बटर फ्रूट' म्हणतात. कोडगू, वायनाड, कोडाईकनालच्या बाजूला कॉफीच्या मळ्यांतून ही झाडं सर्रास दिसतात. यातले बरेचसे पिकले तरी हिरवेच राहतात. हा काळा व्हायची वाट बघत बसलात तर थेट कचऱ्यात जाईल.

लहान, खरखरीत सालीचा तो हास. तो पिकताना हिरव्याचा जांभळट काळा होतो. मूळचा कॅलिफोर्नियातला, रुडॉल्फ हास नावाच्या टपाल खात्यातल्या माणसाच्या परसातला. १९३५ साली त्याने त्या झाडाचं पेटंट घेतलं होतं. फळवाल्याचा नियम या एकालाच लागू.

दोन्हींना चालणारी खूण म्हणजे तळहातात धरून सगळ्या बोटांनी हलकेच दाबायचं. लोण्याच्या पाकिटाला फ्रिजबाहेर काढून अर्धा तास झाल्यावर जसं लागतं, तेवढं दबलं पाहिजे. अंगठा खुपसू नका, तिथेच डाग पडतो. देठाचा बुंधा अलगद निघाला आणि खाली हिरवट दिसलं तर कापा, तपकिरी दिसलं तर उशीर झालाय. पण हे शेवटच्या दिवशीच करायचं, आधी देठ काढला तर तिथून आत खराब होतो.

टोस्टसाठी हास वापरा. आपल्याकडच्यात पाणी जास्त, स्निग्धांश कमी. त्याचं बंगळुरूत दूध-साखर घालून ज्यूस करतात, ते अप्रतिम लागतं. टोस्टवर तो पाणी सोडतो.

सिडनीची सून:

काका, बटरच नका लावू, अ‍ॅव्होकॅडो हेच बटर. इथे हा टोस्ट कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. १९९३ मध्ये बिल ग्रेंजरने डार्लिंगहर्स्टच्या आपल्या कॅफेत तो मेनूवर आणला, असा आमच्या शहराला अभिमान. (चिलीतली माझी मैत्रीण यावर हसते. त्यांच्याकडे पावावर 'पाल्ता', म्हणजे अ‍ॅव्होकॅडोच, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा साधा नाश्ता.)

ब्रेड कालचा घ्या, जाड कापा. मंद आचेवर कोरडाच भाजा, दोन्ही बाजूंनी, घाई न करता. मग ताटलीत आडवा ठेवू नका. वाफ खाली अडकते आणि तुमच्यासारखं होतं. दोन स्लाइस एकमेकांना टेकवून तंबूसारखे उभे करा, दोन मिनिटं. गरम असतानाच सोललेली लसूण पाकळी वरून एकदा घासा. पाकळी खरखरीत टोस्टवर किसणीसारखी झिजते. गर काट्याने जाडसर कुस्करा, मिक्सर नको. लिंबू, मीठ, मिरपूड. बास. कांदा-टोमॅटो घालून त्याची कोशिंबीर करू नये असं माझं मत.

मेतकूट:

कोशिंबीर का नको? हिरवी मिरची, कोथिंबीर, चिमूटभर जिरेपूड घालून बघा एकदा. कोथिंबीर-मिरचीला मेक्सिकोत कुणी नाही म्हणणार नाही, हे फळ मुळात त्यांचं.

गिरगावचा राजू:

एवढी खटपट कशाला? ठाण्यात एखाद्या जुन्या बेकरीत ब्रुन, म्हणजे कडक सालीचा पाव, मिळतो का बघा. आडवा कापून आतली बाजू तव्यावर टेकवायची. ब्रुन मऊ पडायच्या आत तुमचा नाश्ता संपलेला असेल.

गर आधी करून ठेवायचा तर त्यात बी ठेवा, काळा पडत नाही. आमची काकू तसंच करते.

कुर्गरिटर्न:

राजूभाऊ, बीखाली हवा लागत नाही म्हणून तेवढाच गर हिरवा राहतो, बाजूचा काळवंडतोच. चिरलेलं वांगं पडतं तसंच आहे, हवेशी गाठ पडली की रंग बदलतो. फक्त वांगं पाण्यात टाकता येतं, हे नाही. लिंबू पिळा आणि वर प्लॅस्टिकचा कागद गराला अगदी चिकटून लावा. वाटीच्या काठावर ताणून नाही, मध्ये हवा राहते. दोन-तीन तास सहज निघतात. वरचा थर तपकिरी झालाच तर चमच्याने काढून टाका, खालचा चांगला असतो.

आणि काका, बी काढताना फळ हातात धरून त्यावर सुरी मारू नका. व्हिडिओत दाखवतात तसं करायला जाऊन मला तळहाताला तीन टाके पडले. चमचा बीच्या खाली घाला आणि उचला. पिकलेला असेल तर टुणकन निघते.

निवृत्तीनंतर:

सगळ्यांना धन्यवाद. वृत्तांत देतो.

बुधवारी रात्रीच दोघांना दोन केळ्यांबरोबर जुन्या पेपरात गुंडाळून तांदळाच्या डब्यात घातलं. गुरुवारी काही नाही. शुक्रवारी संध्याकाळी हास देठाजवळ जांभळट झाला, शनिवारी पहाटे तळहातात बरोबर तसा लागला, लोण्याच्या पाकिटासारखा. कापल्यावर कडेला पोपटी आणि बीजवळ पिवळसर. चमच्याने बी खरंच टुणकन उडाली आणि ओट्याखाली गेली. अजून सापडलेली नाही.

गाडी चाळीस मिनिटं लेट होती. लिंबू आणि चिकटून कागद, रंग अजिबात गेला नाही. ब्रुन मिळाला नाही, कालच्याच ब्रेडचे तंबू केले. लसूण घासण्याची युक्ती फारच आवडली, सिडनीकर ताई. अर्धे टोस्ट तुमच्या पद्धतीने केले आणि अर्धे मेतकूटताईंच्या. मुलीने साधे खाल्ले. सौ.नी मिरची-कोथिंबीरवाला घेतला, त्यावर घरची शेंगदाण्याची चटणी भुरभुरवली आणि दुसराही मागितला.

मग सौ.नी म्हटलं, "दोनशेला तीन म्हणजे बरे आहेत की. उद्या आणखी आणा."

मोठा हिरवा अजून तांदळात आहे, पण कडकच. पिकल्यावर त्याचा ज्यूस करीन म्हणतो. एका फळाला दूध किती घालू? आणि साखर दुधात आधी विरघळवायची का?

कुर्गरिटर्न:

मोठं असेल तर अर्ध्या फळाला एक पेला थंड दूध, दोन चमचे साखर. सगळं एकदमच मिक्सरला लावा. लगेच प्या, ठेवलं तर घट्ट होतं. दोनशेचं तुमचं तुम्ही बघा.