मदत हवी आहे: रिटायर झाल्यावर धुणंभांड्याला बाई ठेवावी की घरचं घरी करावं?

उद्यमबागवाला61
नमस्कार मंडळी. प्रश्न सरळ आहे, उत्तर पण सरळ द्या. मार्चमध्ये रिटायर झालो, घरात आता दोघंच. धुणं, भांडी, केर-फरशी मिळून महिना 2,800 देत होतो, दिवाळीला एक पगार बोनस, म्हणजे वर्षाला 36,400 आणि साडी वेगळी. दोन माणसं दिवसभर घरात असताना एवढे पैसे कशाला घालवायचे म्हणून जूनपासून बाई बंद केली. पण जमेना झालंय. परत बाई लावू, की मशीन घेऊ, की थोडे दिवस असंच काढू म्हणजे सवय होईल? लवकर सांगा, घरात रोज तोच विषय चाललाय.

कॅम्पातली_मावशी
जमेना म्हणजे काय जमेना? खोल्या किती, पाणी रोज येतं का, मशीन आहे का आधीच, काहीच लिहिलं नाही तुम्ही. आणि कुणाला जमेना?

उद्यमबागवाला61
तीन खोल्या, स्वयंपाकघर, मागं परस. जुनं कौलारू घर, तांबडी फरशी. मशीन नाही, धुण्याचा दगड आहे. पाणी चार दिवसांनी. हे सगळं कशाला लागतंय? मी पैशाचं विचारतोय.

हिशेबी_शहापूरकर
पैशाचंच विचारताय तर ऐका. पीएफ-ग्रॅच्युइटीचे पैसे बचत खात्यात पडून आहेत का? असतील तर पोस्टात जाऊन सीनियर सिटिझन स्कीममध्ये टाका. 60 पूर्ण झालेल्याला 30 लाखांपर्यंत ठेवता येतात, पाच वर्षांसाठी, मी उघडलं तेव्हा 8.2 टक्के होता आणि खातं उघडताना जो दर असेल तोच पाच वर्षं राहतो. व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात. 15 लाख ठेवले तर तिमाहीला 30,750, म्हणजे महिन्याला 10,250. त्यातनं बाईचा पगार आरामात निघतो, मुद्दलाला हात नाही. मी स्वतः असंच केलंय, माझा अनुभव आहे. टीडीएस कापू नये म्हणून फॉर्म मात्र दरवर्षी आठवणीनं भरून द्या.

उद्यमबागवाला61
ते आधीच केलंय. फाउंड्रीतली नोकरी, ईपीएसची, म्हणजे पीएफवाली पेन्शन किती ते इथल्या कुणाला सांगायला नको, मला 3,400 मिळते. पोरगी गोव्यात, तिच्याकडनं काही घेत नाही. म्हणूनच एकेक रुपया बघूलोय.

निपाणीकर_गुरुजी
मी 72 वर्षांचा आहे. सौ. जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून झाडलोट, धुणं, भांडी, स्वयंपाक सगळं मी करतो. पहाटे पाचला उठून अंगण झाडतो, सडा मारतो, मग कपडे भिजत घालतो आणि ते भिजेपर्यंत भांडी होतात. शुगर आटोक्यात आली, रात्री झोप लागते. माणूस खुर्चीत बसला की संपला. माझ्याबरोबर रिटायर झालेले तिघं चौघं वर्षभरात खचले, कारण सकाळी उठून करायचं काय हेच त्यांना कळेना. बाई लावू नका. स्वतः करा.

येळ्ळूरची_लेक
गुरुजी तुम्ही सगळं स्वतः करता, तुमच्याबद्दल आदर आहे. पण काकांनी "आम्ही करतो" असं कुठंच लिहिलेलं नाही, बघा परत वाचून. काका, जूनपासून भांडी कोण घासतं?

खानापूरचा_सध्या_हिंजवडीत
काका डिशवॉशर घ्या आणि झाडू-पोछा करणारा रोबो घ्या, प्रश्न मिटला. मी आईला खानापुरात दोन्ही घेऊन दिलं. डिशवॉशरला एका फेरीत दहा-बारा लिटर पाणी लागतं, नळाखाली घासण्यापेक्षा कितीतरी कमी. दोन वर्षांत पैसे वसूल. बाईचे खाडे नाहीत, वाट बघणं नाही.

कॅम्पातली_मावशी
अरे बाबा जुनं घर आहे त्यांचं, प्रत्येक दाराला उंबरा असणार, तुझा रोबो उंबरा कसा ओलांडणार? आणि चार दिवसांनी पाणी येतं तिथं डिशवॉशरला नळाचं प्रेशर कुठनं आणायचं? टाकी आहे का वर, ते तरी विचार आधी.

खानापूरचा_सध्या_हिंजवडीत
प्रत्येक खोलीत उचलून ठेवायचा मावशी. आई तसंच करते.

हिंडलग्याची_वैनी
तांबडी फरशी म्हणताय म्हणून सांगते, फिनेलनं पुसू नका, रंग उतरतो. साध्या पाण्यानं पुसायची आणि महिन्यातनं एकदा खोबरेल तेलाचे चार थेंब फडक्यावर घेऊन हात फिरवायचा, आरशासारखी होते. आणि तांब्या-पितळेची भांडी असतील तर चिंच नि मीठ. चिंच आदल्या रात्री भिजवायची, गरम पाण्यात नको. आमच्या सासूबाईंचा बंब अजून लखलखतोय.

चिकोडी_अण्णा
बाई लावा म्हणणाऱ्यांनो, बाई मिळते कुठं आता? कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना 2,000 बायकांना घरबसल्या येतात, बस फुकट, रेशन फुकट. 2023 पासून आमच्या भागात कामाला माणूस मिळेना. मळ्यात भांगलायला बाया नाहीत तर भांडी घासायला कुठनं येणार.

येळ्ळूरची_लेक
अण्णा 2,000 मध्ये महिना काढून दाखवा मग बोला. ते पैसे वेळेवर येतात का ते पण विचारा एखादीला. फुकट बसमुळं उलट आमच्याकडच्या बाया शहरात लांबच्या कामाला जाऊ लागल्यात, आधी तिकिटातच दिवसाचे 30-40 जायचे म्हणून गावातच कमी पैशात राबायच्या. तुम्हाला बाई मिळेना कारण तुमचा दर जुना आहे. माझ्या आईनं 26 वर्षं बेळगावात धुणीभांडी केली, पाच घरं. त्यावर मी शिकले. 2004 सालीच कर्नाटकनं घरकामाला किमान वेतन लावलं, एका तरी घरानं तिला ते सांगितलं का? तुम्ही "बंद केली" लिहिता काका, नळ बंद केल्यासारखं. किती वर्षं होती ती तुमच्याकडं?

चिकोडी_अण्णा
मी कुणाला कमी देत नाही. उगीच माझ्यावर घसरू नका.

उद्यमबागवाला61
19 वर्षं. वडगावची आहे, नवरा मागावर होता. मी काही वाईट बोललो नाही तिला, महिन्याचा पगार हातात दिला आणि पुढच्या महिन्यापासून नको म्हटलं. भांडी बायको घासते. मी बाजार, गॅस, बिलं, बँक सगळं बघतो. आणि पाणी येतं त्या दिवशी पहाटे उठून भरतो.

अनगोळचा_फिजिओ
काका, वैनींचं वय किती? "जमेना" त्यांनाच ना? काय दुखतंय नक्की, कंबर, गुडघा की हात?

उद्यमबागवाला61
58. उजव्या हाताचा अंगठा. मनगटाकडं. बाम लावते.

अनगोळचा_फिजिओ
अंगठ्याच्या मुळाशी, कपडा पिळताना कळ येते आणि हांडा उचलताना पण, असं आहे का? आमच्याकडं पावसाळ्यात अशा पेशंट खूप येतात, कारण कपडे वाळत नाहीत म्हणून बायका जीव खाऊन पिळतात. अंगठ्याच्या टेंडनच्या, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या आवरणाला सूज येते, डी क्वेर्व्हेन म्हणतात त्याला. तेच आहे असं न बघता म्हणणार नाही, पण हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि तोवर पिळणं पूर्ण बंद. बामनं हे जाणार नाही. पट्टा बांधून हाताला विश्रांती दिली तर बऱ्याच जणींचं बरं होतं, अंगावर काढलं तर मात्र इंजेक्शन लागतं, कधी छोटं ऑपरेशन सुद्धा.

निपाणीकर_गुरुजी
तरी मी म्हणतो बाई नको. कपडे ह्यांनी धुवावेत. पुरुषाचे हात काय नुसते पेपर धरायला आहेत? पहिले सहा महिने मला एक चादर नीट पिळता येत नव्हती, शिकलो.

येळ्ळूरची_लेक
गुरुजी हे बरोबर बोललात, आधीच हे म्हणायला पाहिजे होतं. पण जिचं 19 वर्षांचं काम गेलं तिचं काय? तिच्या हाताला कोण बाम लावणार?

निपाणीकर_गुरुजी
तिचं काम टिकावं म्हणून ह्यांनी पेन्शन संपवायची का? 3,400 पेन्शनीतनं 2,800? ज्याला परवडतं त्यानं जरूर द्यावं, पण नाही परवडत त्याला दोष देऊ नका.

हिशेबी_शहापूरकर
पेन्शन 3,400 पण व्याज येतंय की त्यांना. दोन्ही मिळून बघा ना.

महांतेशनगरकर
तुमच्याकडं अजून चार दिवसांनी पाणी? आमच्याकडं चोवीस तास आहे. 2008 ला बेळगावात चोवीस तास पाण्याचे डेमो झोन झाले तेव्हापासून काही वॉर्डांत मिळतंय, बाकी शहर तेव्हापासून वाट बघतंय. कामवाली पण त्या भागात लवकर तयार होते, कारण बॅरलमधनं पाणी काढून भांडी घासायला लागत नाहीत.

उद्यमबागवाला61
पाण्याचा विषय वेगळा आहे हो, तो नको इथं.

काल संध्याकाळी सगळ्यांचे रिप्लाय वाचले आणि मागं गेलो. ती बेडशीट पिळत होती. एक टोक नळाला अडकवलेलं आणि दुसरं दोन्ही हातांनी नाही, डाव्या हातानं आणि कोपरात धरून पिळत होती, उजवा अंगठा बाजूला ठेवून. मी रोज त्या दारातनं जातो-येतो. हे मी बघितलं नव्हतं. मी घ्यायला गेलो तर नको म्हणाली, झालं आता म्हणाली.

आणि कॅलेंडर. बाईचे खाडे ती कालनिर्णयवर लाल पेननं लिहायची, दुधाच्या हिशेबाशेजारी. मे महिन्यात दोन खाडे. जूनपासून चौकोन कोरे. तिला विचारलं तू मला सांगितलं का नाहीस दुखतंय म्हणून, तर म्हणाली तुम्ही हिशेब मांडून दाखवला होता ना, त्यात माझं काय बोलायचं होतं. ह्यावर मला काही बोलता आलं नाही.

कॅम्पातली_मावशी
बरं झालं बघितलंत. आता डॉक्टर आधी, बाकी सगळं मागनं.

हिंडलग्याची_वैनी
बेडशीट पिळायची नसते हो, तशीच निथळत टाकायची वाशावर, तासाभरानं टोकं तेवढी दाबायची. वैनींना सांगा.

खानापूरचा_सध्या_हिंजवडीत
सॉरी काका, मी आधी नीट वाचलं नव्हतं. पण मशीन तरी घ्याच.

उद्यमबागवाला61
चार दिवसांनी लिहितोय. डॉक्टरांना दाखवलं, फिजिओ साहेब म्हणाले तेच निघालं. पट्टा दिलाय, तीन आठवडे हात वापरायचा नाही. कपडे मी धुतो. भांडी पण. गुरुजी, कपडे भिजत घालून भांडी करायची ही तुमची पद्धत बरोबर आहे, वेळ वाचतो.

रविवारी वडगावला गेलो बाईकडं. बायको पण आली, मी एकटा गेलो असतो तर काय बोललो असतो माहीत नाही. बाईनं चहा केला. रागावली नव्हती, पण जूनच्या दुसऱ्याच आठवड्यात तिनं भाग्यनगरात दोन घरं धरली. सकाळ मोकळी नाही, दुपारी तीनला येऊ शकते आणि भांडी-फरशीच करीन, धुणं नाही म्हणाली, तिचे पण गुडघे गेलेत. 2,200 सांगितले दोन्हीचे. आधी तीन कामांचे 2,800 होते. मी गप्प बसलो तर बायकोनं हो म्हणून टाकलं. एक तारखेपासून येणार. येळ्ळूरच्या ताई, मे महिन्यात दिलेल्या पगारावर एक महिन्याचा तरी जास्त द्यायला पाहिजे होता, तो दिवाळीच्या आधीच देणार आहे, बायकोचं आणि माझं ठरलंय.

आता धुण्याचं राहिलं. तीन आठवड्यांनंतर पण तिला पिळू देणार नाही. मशीन घ्यायचं तर फुल ऑटोमॅटिक की सेमी? दुकानदार फुलच घ्या म्हणून मागं लागलाय. पाणी चार दिवसांनी, वर 500 लिटरची टाकी आहे पण बाथरूमला प्रेशर बेताचंच.

येळ्ळूरची_लेक
काका, आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली तीन वाजता उन्हातनं येते तर आधी पाणी द्या प्यायला, मग भांडी दाखवा. एवढंच.

कॅम्पातली_मावशी
सेमी घ्या. फुलमध्ये प्रेशर कमी असलं की पाणी भरायलाच अर्धा तास जातो आणि मध्येच एरर येऊन थांबतं, माझ्या बहिणीचं तसंच झालं. सेमीत बादलीनं पाणी ओतता येतं आणि साबणाचं पाणी एकदा पांढऱ्या कपड्यांना, मग त्याच पाण्यात रंगीत. खळबळलेलं पाणी परसात झाडांना. पिळायचं काम ड्रायर करतो, ओले कपडे एका टबातनं दुसऱ्यात टाकायला मात्र तुम्हीच जा, ओली चादर जड असते.

निपाणीकर_गुरुजी
आणि ड्रायरमध्ये कपडे सगळीकडनं सारखे दाबून घाला. एकाच बाजूला भरले तर मशीन चालत दारापर्यंत येतं.

उद्यमबागवाला61
बरं. सेमीच बघतो. सात किलोचं पुरेल का दोघांना, की साडेआठ? पोरगी दिवाळीला चार दिवस येते.