मंडपात गिटार वाजवायची असेल तर पिकअप साउंडहोलमधलाच घ्या, सॅडलखालचा नको

दुधनाकाठ (परभणी)

14 एप्रिलच्या मागेपुढे आमच्या पार्टीला दम खायला वेळ नसतो. भीमगीतांचे कार्यक्रम, तेही सगळे उघड्यावर. दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे स्पीकर, ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड, आणि माझ्या पायाशी माझ्याकडेच तोंड केलेला मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्याला ऐकायचा स्पीकर. पिकअप म्हणजे गिटारीचा आवाज वायरीतून स्पीकरकडे नेणारा भाग. चार वर्षं मी कंपनीतून बसवून आलेल्या सॅडलखालच्या पिझोवर वाजवलं. सॅडल म्हणजे तारा टेकतात ती छोटी पट्टी, पिझो म्हणजे दाब आणि थरथर पकडणारा पिकअप. यंदा दुसऱ्याच कार्यक्रमात, तिसऱ्या गाण्याला ‘जी’ (G) कॉर्ड धरली आणि मॉनिटरमधून ‘हूऽऽ’ सुरू झालं. तारांवर तळवा ठेवला तरी थांबेना. साउंडवाल्याने माझा आवाज खाली ओढला, तो शेवटपर्यंत वर आलाच नाही. गायकाने दोनदा मागे वळून बघितलं. त्याला सूर गिटारीवरून मिळतो.

दुसऱ्या दिवशी मित्राचा साउंडहोलमध्ये, म्हणजे गिटारीच्या मधल्या भोकात, अडकवायचा चुंबकी पिकअप आणला. उरलेले सगळे कार्यक्रम त्याच्यावर काढले, एकदाही शिट्टी नाही. म्हणून ठामपणे सांगतो: चुंबक तारेची हालचाल थेट पकडतो, लाकडाच्या थरथरीशी त्याचं फारसं देणंघेणं नाही. मॉनिटरच्या आवाजाने गिटारीचा डबा हलला तरी ते स्पीकरमध्ये कमी जातं. घरी बसून कोणता गोड वाटतो यावर पिकअप निवडू नका. ढोलकीच्या शेजारी उभं राहिल्यावर काय ऐकू येतं ते धरा.

मांजराकाठ (लातूर)

दुधनाकाठ, तुमचा अनुभव खरा आहे, निष्कर्ष पटत नाही.

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो आणि वीस वर्षं गिटार वाजवतो, बहुतेक अभंग आणि भावगीतं, सभागृहात नाहीतर मंदिराच्या सभामंडपात. चुंबकी पिकअप जे ऐकवतो तो तारेचा आवाज आहे, गिटारीचा नाही. अकूस्टिकच्या खालच्या चार तारांवर ब्राँझ गुंडाळलेलं असतं. ते चुंबकाला दिसतच नाही, दिसते ती फक्त आतली पोलादी तार. वरच्या बी आणि ई या दोन तारा मात्र सबंध पोलादी. म्हणून बी तार नेहमी बाकीच्यांच्या डोक्यावर ओरडते. तळहाताने डब्यावर दिलेला ठेका, बोट तारेवर टेकताना होणारा बारीक स्पर्श, यातलं जवळजवळ काहीच पुढे जात नाही. अकूस्टिकचा आवाजच नको असेल तर अकूस्टिक गळ्यात घालायची कशाला?

मी ब्रिजच्या (तारा अडकवतात त्या लाकडी तुकड्याच्या) बरोबर खाली, आतल्या बाजूने, लाकडाला चिकटवायच्या पिझोच्या तीन चकत्या लावल्यात. बॅटरी नाही, सॅडल घासायची गरज नाही, गिटारीला भोक नाही. पहिल्यांदा त्यावर हरिपाठाची साथ केली तेव्हा मागच्या रांगेत बसलेल्या माझ्या आईने विचारलं, ‘आज माइक लावला नव्हता का रे?’ मला जे हवं होतं ते हेच.

दुधनाकाठ (परभणी)

सर, बी तारेचं म्हणणं बरोबर आहे. माझ्याकडे आहे त्या पिकअपला प्रत्येक तारेखाली वेगळा स्क्रू आहे. बी खालचा पार आत घेतला, वरच्या ई खालचा थोडा, जी खालचा वर काढला. अर्ध्या तासाचं काम. तरी काचेसारखा कडक आवाज थोडा राहतो, नाकारत नाही.

पण तुमच्या त्या चकत्या लाकडाची प्रत्येक थरथर पकडतात. सभामंडपात मॉनिटर केवढा, त्याचा आवाज केवढा? माझ्यापासून चार फुटांवर ढोलकीवाल्याचा मॉनिटर असतो. तिथे तुमची गिटार पहिल्या कडव्यापर्यंत तरी टिकेल का, हे प्रामाणिकपणे सांगा.

मांजराकाठ (लातूर)

टिकणार नाही. त्या आवाजाला त्या चकत्या हू करतील, हे मान्य. माझा आक्षेप ‘साउंडहोलमधलाच घ्या’ मधल्या ‘च’ला आहे. मराठवाड्यात काय फक्त चौकातच वाजवतात?

बारातारा (अंबाजोगाई)

मध्येच बोलतो. माझी नायलॉनच्या तारांची गिटार आहे. नायलॉनला चुंबक काहीच करू शकत नाही, शून्य आवाज. आमच्यासारख्यांना पिझो नाहीतर माइक, तिसरा रस्ता नाही. नवीन मुलं शीर्षक वाचून चुंबकी पिकअप घेतील आणि नायलॉनच्या गिटारीला लावून बसतील, म्हणून लिहिलं.

गोदाघाट (नांदेड)

मी साउंड लावायलो त्याला बारा वर्षं झाली. गणपती, नवरात्र, जयंती, लग्न, सगळं. तुम्ही दोघं पिकअपवर भांडायलात, पण माझ्या मिक्सरपर्यंत काय येतंय ते कुणी बघेना.

दुधनाकाठ भाऊ, आधी दोन गोष्टी सांगा. त्या दिवशी गिटारीवरचा बासचा स्लायडर कुठं होता? आणि बॅटरी कधी बदलली होती?

जी कॉर्डलाच हू का आलं, तेही सांगतो. मोठ्या डब्याच्या गिटारीत आतली हवा साधारण 100 हर्ट्झच्या आसपास घुमते. जाड ई तार तिसऱ्या पट्टीवर दाबली की 98 हर्ट्झ. म्हणजे जी कॉर्डचा सगळ्यात खालचा सूर बरोबर त्या घुमण्यावर जाऊन बसतो. वरून मॉनिटर डब्यात आवाज कोंबायलाय. तिथं पिझोच काय, कुणीही ओरडंल. साउंडहोलला रबराचं झाकण लावा, आवाज बारीक पडंल पण घुमणं खूप कमी होतंय. मिक्सरवर 100 च्या जवळ अरुंद पट्टा काढा. गिटारीवर फेजचं (आवाजाची लाट उलटी करणारं) बटण असंल तर ते उलटं करून बघा, कधी कधी तेवढ्यानंच भागतं. आणि मॉनिटर गिटारीच्या भोकासमोर नको, बाजूला.

सरांच्या चकत्यांबद्दल. बॅटरी नाही हे बरं, पण अशी गिटार पोरं सरळ मिक्सरच्या लाइनला खोचतात. पिझोला पुढं निदान 1 मेगाओहमचा रोध लागतो, मिक्सरची लाइन त्याच्यासमोर 10 किलोओहमच्या आसपास. सगळा खालचा आवाज गळून जातो आणि पत्र्यावर वाजवल्यासारखं ऐकू येतं. मग वाजवणारा म्हणतो बास वाढवा. बास वाढवला की हू. चूक पिकअपची नाही, मध्ये प्रीअँप (पिझोचा कमजोर आवाज मिक्सरच्या आधी उचलणारा) नाही ही चूक.

मांजराकाठ (लातूर)

हे वर्गात सांगण्यासारखं आहे. पिझो म्हणजे विजेच्या दृष्टीने एक छोटा कपॅसिटर. दाब दिला की स्फटिकावर विद्युतभार येतो हे क्युरी बंधूंनी 1880 मध्ये दाखवलं, पण तो भार अगदी किंचित. पुढे कमी रोधाचं काही जोडलं की खालच्या कंप्रतांना तो टिकत नाही, निसटून जातो. माझ्या पेटीत छोटा प्रीअँप असतो, तो वर लिहायला हवा होता.

दुधनाकाठ (परभणी)

गोदाघाट भाऊ, खरं सांगतो. बासचा स्लायडर पाऊणच्या वर होता. घरच्या छोट्या अँपवर भरीव वाटायचं म्हणून तसाच ठेवला होता. बॅटरी दिवाळीत टाकलेली. आणि वायर गिटारीत खोचलेली राहिली की प्रीअँप चालूच राहतो, हे मला तुमच्या प्रश्नानंतर भावाने सांगितलं. माझी वायर रात्रभर तशीच असायची.

तरीसुद्धा माझं मत मी पूर्ण सोडत नाही. आमच्याकडे साउंडवाला दर गावाला वेगळा. 100 हर्ट्झचा अरुंद पट्टा काढायला सांगावा तर मिक्सरवर फक्त बास आणि ट्रेबल. साउंड चेक नाही, कारण आधीच्या पाहुण्यांची भाषणं लांबतात आणि दहाला स्पीकर बंद करावाच लागतो. अशा जागी जो पिकअप कमीत कमी मदतीवर चालतो तोच माझ्या कामाचा.

गोदाघाट (नांदेड)

हे बोलणं पटलं. पण चुंबकी घ्यायचा तर एका कॉइलचा घेऊ नका. जनरेटर आणि लायटिंगच्या वायरी स्टेजखालून गेलेल्या असतात, त्याच्या जवळ एक कॉइल भुणभुणत राहतो. दोन कॉइलचा, ही भुणभुण मारणारा घ्या. आणि स्वतःचा डीआय बॉक्स, म्हणजे लांब वायरीतही आवाज न मरू देणारी छोटी पेटी, जवळ ठेवा. गिटारीची साधी वायर वीस-पंचवीस मीटर ओढत मिक्सरपर्यंत आणतात, तिथंच निम्मा आवाज मरतोय.

नागसेनवन (छत्रपती संभाजीनगर)

कॉलेजात आहे. युवा महोत्सवात समूहगीताला साथ करायची आहे. गिटारीत सॅडलखालचा पिझो आधीपासून आहे. वेगळा पिकअप घेऊ की थांबू? सहाव्या तारेचा आवाज बाकीच्यांपेक्षा बारीक येतो.

मांजराकाठ (लातूर)

थांब. सहावी तार बारीक येते म्हणजे बहुधा सॅडलचा तळ सपाट नाही, त्या टोकाला खालच्या पिझोवर दाब कमी पडतो. तारा सैल करून सॅडल बाहेर काढ, तळ आरशावर टेकवून उजेडासमोर धर. फट दिसली तर काचेवर पॉलिश पेपर ठेवून सरळ उभ्या हाताने दोन-चारदाच घास, पुन्हा बघ. जास्त घासलंस तर तारा पट्ट्यांवर घासतील. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात वरची फळी जराशी खाली बसते आणि सॅडलची बैठक हलते, तेव्हा हे एप्रिल-मेमध्ये एकदा तपासायचंच. पैसे उरले तर आधी डीआय बॉक्स घे.

दुधनाकाठ (परभणी)

सर, एक विनंती. पुढच्या रविवारी परळीला माझा सकाळचा कार्यक्रम आहे. परभणी आणि लातूर दोघांनाही रेल्वेने सोयीचं. तुम्ही तुमची चकत्यांची गिटार आणा, मी माझी दोन्ही पिकअपची आणतो. गोदाघाट भाऊ मिक्सर आणत असतील तर स्टेज मोकळं झाल्यावर एकाच मॉनिटरसमोर तिन्ही वाजवू.

मांजराकाठ (लातूर)

येतो. ढोलकीवाल्यालाही थांबवून ठेवा, त्याच्याशिवाय ऐकण्यात अर्थ नाही.

गोदाघाट (नांदेड)

मिक्सर, दोन मॉनिटर आणि डीआय माझे. रबराचं झाकण दुधनाकाठ भाऊंनी आणावं. सुरुवात जी कॉर्डनं.