मदत हवी आहे: स्वतंत्र मराठी चित्रपटात पैसे घालताना करारात काय पाहावे?

नमस्कार.

माझ्या आतेभावाच्या मुलाने मित्रांसोबत मराठी चित्रपट करायचे ठरवले आहे. पटकथा मी वाचली असून ती मला मनापासून आवडली आहे. खर्चाचा अंदाज सव्वा कोटींचा आहे आणि त्यातले दहा लाख मी घालावेत, अशी त्याची इच्छा आहे. त्याच्या सचोटीबद्दल मला शंका नाही. मला समजून घ्यायचे आहे ते एवढेच, की पैसे परत येतात ते कोणत्या वाटेने आणि आधी कोणाकोणाचे भागल्यावर.

चर्चेत 'सैराट'चा विषय हमखास निघतो. 2016 साली त्या चित्रपटाने शंभर कोटींच्या घरात गल्ला जमवला, परंतु त्याच्या पाठीशी झी स्टुडिओज होते आणि 'फँड्री'मुळे दिग्दर्शकाचे नाव आधीच झालेले होते. आमच्या मंडळींपाशी यांपैकी काहीच नाही.

शिवाय गल्ल्याचा आकडा आणि निर्मात्याच्या हाती पडणारी रक्कम यांत मोठे अंतर असते. तिकिटातून आधी जीएसटी जातो, मग चित्रपटगृहाचा वाटा, मग वितरकाचे कमिशन. आणि प्रसिद्धीचा व व्हीपीएफचा (डिजिटल प्रक्षेपणासाठी चित्रपटगृहांना द्यावे लागणारे शुल्क) खर्च वितरकाने केला असेल, तर तोही तो आधी वळता करून घेतो. 2009 साली निर्माते-वितरकांनी मल्टिप्लेक्सविरुद्ध केलेल्या संपानंतर हिंदी चित्रपटांसाठी मल्टिप्लेक्सवाल्यांनी पहिल्या आठवड्यात 50 टक्के, दुसऱ्यात 42.5, तिसऱ्यात 37.5 आणि पुढे 30 टक्के असा वाटा वितरकांना देण्याचे मान्य केले होते. छोट्या मराठी चित्रपटालाही पहिल्या आठवड्यात निम्मा वाटा मिळेल असे मानले आणि प्रसिद्धीला चाळीस लाख धरले, तरी माझ्या ढोबळ हिशेबाने नुसते मुद्दल सुटायला चार कोटींच्या पुढे गल्ला लागतो. हा हिशेब कुठे चुकत असेल, तर कृपया सांगावे.

म्हणून माझी भिस्त चित्रपटगृहांबाहेरच्या उत्पन्नावर आहे. राज्य शासन दर्जेदार मराठी चित्रपटांना 'अ' दर्जासाठी 40 लाख आणि 'ब' दर्जासाठी 30 लाख रुपये अनुदान देत आले आहे. पण ते चित्रपट पूर्ण झाल्यावर, परीक्षण होऊन आणि निर्मात्याच्या नावे मिळते. ही रक्कम गुंतवणूकदारांच्या परतफेडीत धरली जाईल, असे करारात लिहून घेण्याची पद्धत आहे का? वाहिनी आणि ओटीटी यांच्या हक्कांचे पैसे सध्या ठोक मिळतात, की पाहिल्या गेलेल्या वेळेनुसार? ज्यांनी अलीकडे असा व्यवहार केला आहे, त्यांचा अनुभव मला फार मोलाचा वाटेल.

दुसरी काळजी मालकीची आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा कर्ता निर्माता असतो. पैसे घातल्याने कोणी आपोआप मालक होत नाही. हक्कांचे हस्तांतर लेखी लागते आणि त्यात मुदत नमूद नसेल, तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. तेव्हा मी सहनिर्माता म्हणून नाव लावून घ्यावे, मंडळी काढणार आहेत त्या एलएलपीत (मर्यादित दायित्वाची भागीदारी संस्था) भागीदार व्हावे, की आधी मुद्दल आणि नंतर नफ्यात टक्केवारी एवढ्यावरच करार करावा? चित्रपट अर्ध्यावर अडकून आणखी पैसा उभा करावा लागला, तर नव्याने येणाऱ्याचे पैसे माझ्या आधी फिटतात का?

मसुदा अजून तयार व्हायचा आहे, त्यामुळे अटी सुचवायला वाव आहे. चित्रपटांचे करार पाहणारे पुण्यातले किंवा मुंबईतले वकील माहीत असल्यास कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवावे.